बहात्तर किलोची हवा

अक्का, आधी भांडण करू. रडायचं नंतर बघू, त्याला काही घाई नाही.

तू जाऊन आज अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोललेत की ऐकून मला मळमळायला लागलंय. कुणी म्हणतं देवमाणूस. कुणी म्हणतं, एका बाईनं एमआयडीसीच्या तोंडाशी वीस वर्षं सायकलचं दुकान चालवून दाखवलं. आणि परवा एकजण म्हणाली, अक्का कधी खोटं बोलली नाही हो. तिथं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलली नाही म्हणे! माझ्याशी बोललीस की. चांगले पाच महिने बोललीस. आणि ते खोटं माझ्याच हातानं तुझ्या चाकात भरून घेतलंस.

पहिला दिवस आठवतो तुला? मला आठवतो, कारण त्या दिवशी मी तुला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या होत्या की आईनं ऐकल्या असत्या तर घरात घेतलं नसतं. डॉक्टरनं बीपीसाठी चाल म्हणून सांगितलं, चालून गुडघे दुखायला लागले, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी मी जाड टायरची सायकल घेतली. आमचे हे कुर्डुवाडीला रेल्वेत, शनिवारी घरी आले आणि सायकल बघून म्हणाले, "आता हे काय नवीन?" माळावर बाभळीचे काटे, दर तिसऱ्या दिवशी पंक्चर. कुणीतरी सांगितलं, अक्कलकोट रोडला अक्का आहे, ती ट्यूब काढून टाकते, आत पांढरं औषध घालते, काटा घुसला तरी भोक आपोआप बुजतं.

आले मी. यंत्रमागावरचे चार-पाच कामगार आपापल्या सायकली घेऊन उभे. तू टॉवेलच्या चिंधीला हात पुसलेस, माझ्याकडे वरून खाली बघितलंस आणि सगळ्यांच्या देखत विचारलंस, "वजन किती गं तुजं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला न्हाय, चाकाला करायचंय."

मी सायकल फिरवली आणि तडक निघाले. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या होत्या की विचारू नकोस. दुसऱ्या एका दुकानात जाऊन ट्यूबलेस करून घेतलं. त्यानंही वजन विचारलं, पण हळू आवाजात. मी म्हणाले सत्तर. त्यानं मान डोलावली आणि अंदाजानं हवा भरली. त्याच रविवारी माळावर पहिल्याच मोठ्या दगडाला रिम खणकन आपटली, टायर कडेनं उचकटला, भस्सदिशी हवा गेली आणि ते पांढरं औषध माझ्या गुडघ्यापर्यंत उडालं. तिथून तीन किलोमीटर सायकल ढकलत आले ती थेट तुझ्या दारात, कारण वाटेत दुसरं दुकानच नव्हतं.

तू एका शब्दानं टोमणा मारला नाहीस. पायानं वजनकाटा पुढं सरकवलास. बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेला, सुताची पोती मोजायचा काटा. "चढ. हेल्मेट घाल, बाटली घे, पिशवी घे. चाकावर जेवढं येनार तेवढं समदं." मी डोळे मिटून चढले. वाण्यानं गुळाची ढेप मोजावी तसं तू मोठ्यानं वाचलंस, "चौऱ्यान्नव. हवा पुडं सव्वीस, मागं एकोनतीस. आपन बसतो मागं, म्हनून मागं जास्त." आणि शटरच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायला गेलीस. सुजाता, चौऱ्याण्णव.

"नाव लिहू नका," मी म्हणाले.

"मग तुजी हवा कोन भरनार?"

तेव्हा मला तुझ्या दुकानाचा कायदा कळला. तुझ्याकडे सायकल चालवणारानं स्वतःच्या चाकात स्वतः हवा भरायची नाही. एकानं दुसऱ्याची भरायची, शटरवरचं वजन बघून. कारण काय, तर माणूस स्वतःला फसवतो. भ्यालेला जास्त भरतो, शहाणपणा करणारा कमी भरतो, आणि वजनाची लाज असलेला आकडाच चुकवतो. जास्त भरली तर चाक दगडावरून उड्या मारतं, मातीला धरत नाही. कमी भरली तर रिम आपटते. मधली जी बरोबर हवा असते ती ज्याची त्याचीच असते. शंभर किलोच्या माणसाची साठ किलोच्या माणसाला चालत नाही. "टायरला तुजी जात कळत न्हाय, पगार कळत न्हाय, बाई का बुवा कळत न्हाय," तू म्हणालीस. "त्याला निस्तं वजन कळतं. लई इमानदार हाय बिचारं."

अक्का, मी आंबेडकर जयंतीला स्टेजवर भाषणं केलेली बाई. समतेवर तासभर बोलू शकते. पण माझ्या वजनाबद्दल मी आयुष्यात कुणाशी मान वर करून बोलले नव्हते. ब्लाउज शिवणारी माप कुजबुजत सांगायची. कचेरीत खुर्ची बदलली की लोक एकमेकांकडे बघायचे. नणंद जेवताना म्हणायची, "वहिनी, भात नको ना तुम्हाला?" म्हणजे मी सांगायच्या आधीच तिनं ठरवलेलं! तू पहिली, जिनं तो आकडा नुसता आकडा म्हणून वाचला. दया नाही, उपदेश नाही. चौऱ्याण्णव आहे तर एकोणतीस भर, विषय संपला. त्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आता दाखवते. ऐकायला तू नाहीस, ते तुझं नशीब.

आपण पाच जण होतो, रविवारी सकाळी माळावर जाणारे. माझी हवा इम्तियाजभाई भरायचे आणि तुझी मी. अक्का, बहात्तर. पुढं बावीस, मागं चोवीस. हे मला पाढ्यासारखं पाठ झालं होतं. तुझ्या-माझ्यात वाद एकच. मी म्हणायचे, माझ्या मागच्या चाकात एकतीस हवी, फुटलं म्हणजे? तू म्हणायचीस एकोणतीस. खाणीजवळ कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात आपण दोन वर्षं या दोन आकड्यांवर भांडलो. "लई भेतीस गं सुजे." "माझं वजन तुम्ही उचलणार आहात का?" "चाक उचलतंय की. त्याला इचार." शेवटपर्यंत मिटलं नाही. आता मीच मिटवायचं म्हटलं तर त्यात मजा काय?

दर दिवाळीनंतर पुन्हा सगळ्यांनी काट्यावर चढायचं, हाही तुझाच नियम. फराळ बोलतो म्हणायचीस. गेल्या दिवाळीनंतर इम्तियाजभाई दीड किलो वाढले, त्यांना किती चिडवलंस! माझे आकडे वाचलेस, पुसलेस, नवीन लिहिलेस. मी म्हणाले, "अक्का, आता तुम्ही चढा." तू पान्हा उचललास आणि म्हणालीस, "माजं काय बगायचं? बहात्तरच. तीन वर्सं हाललं न्हाय." आणि आम्ही ऐकलं. ज्या बाईनं गावाला खरं वजन सांगायला लावलं तिला कोण म्हणणार, चढ म्हणून?

आता मी जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मार्गशीर्षात तू चेन बसवायला वाकलीस आणि तुझा शर्ट वर सरकला. कमरेच्या पट्ट्याला एक नवीन भोक पाडलेलं होतं, टोच्यानं, वेडंवाकडं. त्याच्या पुढं अजून एक. मी बघितलं. आणि मला काय वाटलं माहितीय? काळजी नाही वाटली. हेवा वाटला. हो, हेवा! म्हटलं, ही बारीक होतेय आणि मी सकाळी गरम पाणी पिऊन, भात सोडून, सायकल रेमटवून तिथल्या तिथंच. मी म्हणालेसुद्धा, "बारीक झालात की, अक्का. काय करताय?" तू म्हणालीस, "नशीब लागतं." आणि हसलीस. मीही हसले, आणि घरी जाऊन रागारागानं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मग पौषातला तो रविवार. मुरमाच्या जुन्या खाणीतला गाढवउतार. पूर्वी गाढवांवरून मुरूम वर आणायचे म्हणून आपण ठेवलेलं नाव. निघायच्या आधी मी तुझी हवा भरली. बावीस, चोवीस. तू अंगठ्यानं टायर दाबून बघितलास. अक्का, तुझ्या अंगठ्याला मीटरच्या आधी कळायचं. अर्धा आकडा इकडंतिकडं झाला तरी तू "सोड जरा" म्हणायचीस. त्या दिवशी दाबलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बेस हाय." उताराच्या मध्यावर तुझं पुढचं चाक एका दगडावरून उडालं, सुट्या मुरमावर टेकलं आणि गेलं. खांद्यावर पडलीस. गळ्याजवळचं हाड मोडलं.

दवाखान्यात मी तुझ्या पायाशी उभी होते. भूल द्यायची म्हणून नर्सनं तुझं वजन करून घेतलं आणि कागदावर लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाली, "त्रेपन्न."

मी म्हणाले, "सिस्टर, चुकलंय. बहात्तर." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एकोणीस किलो, अक्का. हेल्मेट-बाटलीचे दोन-तीन सोडले तरी एवढे किलो तू माझ्या डोळ्यांसमोर गमावलेस आणि मी दर रविवारी त्या नसलेल्या बाईची हवा तुझ्या चाकात भरत राहिले. त्रेपन्नला पुढं सतरा-अठरा पुरे होती. मी बावीस भरली. दगडासारखं टायर, त्यावर चिमणीएवढी बाई. उड्या मारणार नाही तर काय करणार?

पुढं सगळं कळलंच. पोटातलं दुखणं, हाताबाहेर गेलेलं. सात आठवडे. एका दुपारी तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "चाक लई उड्या मारत हुतं गं, सुजे." मी म्हणाले, "दगड होते, अक्का." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "व्हय, दगड हुते."

झालं. एवढंच बोललो आपण त्याबद्दल. ती तक्रार होती का कबुली होती, हे मी रोज स्वतःला विचारते. तू वाट बघत होतीस का मी काही म्हणण्याची? मी का नाही म्हणाले, तर भ्याले. हवा जास्त भरणारी बाई मी, भ्यालेलीच.

तेराव्याला तुझ्या दारात मांडव होता. तुझे भाऊ, अण्णा, मधोमध बसलेले. आम्ही चौघं कडेला, पत्रावळीवर वाढलेलं तसंच ठेवून. कुणीतरी काही बोललं आणि अण्णांचा बांध फुटला. "सायकलनं खाल्लं माज्या भनीला! पन्नाशीची बाई, दगडातनं सायकल मारायला हिला सांगितलं हुतं कुनी? हेनी! हे समदे हितं बसल्यात की, इचारा यांना!"

सगळा मांडव आमच्याकडे वळला. इम्तियाजभाईंनी मान खाली घातली. मला मात्र ते सोसलं नाही. म्हटलं, सायकलला बोलता? ते दोन चाकांचं मुकं जनावर, त्याला बोलता? मी उठले.

"अण्णा, सायकलला बोलू नका. तिच्या चाकात हवा मी भरली होती. जास्त भरली होती. बहात्तर किलोची हवा भरली आणि बाई होती त्रेपन्न किलोची. पडली ती त्यानं पडली असेल. पण बहात्तर हा आकडा तिनं दिला होता, मी नव्हता काढला. ती खोटं बोलली. तुम्ही सगळे तिला देवी करून बसलाय, पण ती माझ्याशी खोटं बोलली!"

एका बाईनं पदर तोंडाला लावला. मेलेल्या माणसाला तेराव्याच्या मांडवात खोटारडी म्हणणारी मी बहुतेक सोलापुरात पहिलीच असेन. वाटलं, आता हाकलतात. अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "मला म्हायती हुतं."

"काय?"

"श्रावनातच डॉक्टरनं सांगितलं हुतं. मीच घिऊन गेलतो. तिनं शपत घातली मला. म्हनली, अण्णा, कळलं तर ही मानसं मला सायकलवर बसू देनार न्हाईत. दवा करूनबी कळ काडायचीच हाय, तर मी माळावर काडते." आणि मग एवढा मोठा माणूस लेकरासारखा रडला. "माजी चूक हाय का तुजी, सांग गं बाई. मला जोप न्हाय."

मी खाली बसले आणि मीही रडले. अठरा दिवसांत तेवढंच.

तुझं म्हणणं खरं होतं, अक्का. कळलं असतं तर मी तुला बसू दिलं नसतं. सायकलला कुलूप घातलं असतं, मोसंबी सोलून भरवली असती, रोज येऊन "आराम करा" म्हणून जीव खाल्ला असता. ते पाच महिने मी तुझ्याकडून काढून घेतले असते, आणि वर स्वतःला चांगली समजले असते. तू ते घेऊ दिले नाहीस. चढावर आम्हाला मागं टाकून जायचीस आणि वर उभी राहून "या की, म्हाताऱ्यांनो!" म्हणून ओरडायचीस, ते सगळं दुखण्यातून. त्यासाठी मी तुझ्या पाया पडते. आम्ही पाया पडत नाही सहसा, तरी पडते.

पण माफ करत नाही. आजार लपवायचा होता तर लपवायचास, तो तुझा. वजन कशाला लपवलंस? म्हणायचंस, सुजे, मी डाएट करते, आता त्रेपन्नची हवा भर. मी विश्वास ठेवला असता गं! वेड्यासारखा ठेवला असता. वर तुझ्याकडून ते डाएट वहीत उतरवून घेतलं असतं. एवढी हुशार बाई तू, एवढं साधं खोटं सुचलं नाही तुला? का सुचलं होतं, आणि आकडा खाली येताना शटरवर बघणं तुलाच सोसलं नसतं? लाज नव्हे हे मला माहीत आहे. भीती असेल. मला भेकड म्हणणारी तू पण भ्यालीस तर. मग सांगायचंस ना. दोघी मिळून भ्यालो असतो.

तेराव्यानंतर घरी सगळ्यांनी एकच लावून धरलंय, आता बास. आमचे हे म्हणतात, "एक गेली, आता तू राहिलीस का?" नणंदेनं फोनवर सांगितलं, योगासनं कर. मी म्हटलं, करते. आणि काल रविवारी सकाळी सायकल काढली.

काट्यावर चढले. शहाण्णव. दुःखानं लोक वाळतात म्हणे, मी दोन किलो वाढले. इम्तियाजभाईंनी हवा भरली आणि मीटर माझ्यासमोर धरलं. बहीण मानून ते मला बाजीच म्हणतात. "बाजी, सत्ताईस-तीस. तुमीच देखो एक बार." बघितलं. बरोबर होती. मग आम्ही खाणीवर गेलो, आणि तिथं अण्णा आधीच येऊन उभे. स्कूटर कडेला लावलेली. मला म्हणाले, "कुटं पडली ते बगायचं हाय."

तुला सांगते, मी मनात एक न्यायालय भरवलं होतं. बरोबर हवेनं मी तो उतार नीट उतरले, तर दोष माझ्या बावीस-चोवीसचाच, जन्मभर. बरोबर हवा असून पडले, तर मी सुटले. असं ठरवून सायकल उतारावर घातली. मध्यावर तोच दगडांचा पट्टा आला. चाक दगडावर छान बसलं, उडालं नाही, तू सांगायचीस तसं दगडाला कवटाळून पुढं गेलं. मी मनात म्हटलं, झालं, दोष माझा. आणि त्याच्या पुढच्या वळणावर सुट्या मुरमात मागचं चाक सरकलं आणि मी शहाण्णव किलोसकट आडवी.

अण्णा वरून धावत आले. कोपर सोललेला, रक्त, गुडघ्यात माती. "लागलं का? लई लागलं का?"

मी तिथंच बसून टायर दाबून बघितलं. "हवा बरोबर आहे, अण्णा."

ते मुरमाकडे बघत राहिले. मग माझ्याशेजारी उकिडवे बसले. तू पडलीस ती जागा मी त्यांना बोटानं दाखवली, चार हात वर. तुझ्या पडण्यात माझी हवा किती आणि मुरूम किती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, हे आम्हाला दोघांनाही तिथं कळलं असावं. सुटका वगैरे काही झाली नाही. कोपर मात्र चांगलाच चुरचुरत होता.

अण्णांनी खिशातला रुमाल काढून दिला. मी तो कोपराला बांधला, सायकल उभी केली आणि वरच्या बाजूला ढकलायला लागले.

"आता कुटं?" अण्णा ओरडले. "बास की! घरला चल!"

"वर जाते," मी म्हणाले. "उतरायचं राहिलंय की अजून."